आधी सांगा, कार्टून पाहिले कुठे?

लहानपणी पाहिलेले एखादे कार्टून अर्धवट आठवत असते, नाव काही केल्या आठवत नाही, आणि मग त्याचा छडा लावण्याचे काम माझ्याकडे येते. नात्यागोत्यात एकाचे शोधून दिले की दुसरा येतो, आणि फुकट होणाऱ्या कामाची बातमी पुण्यात फार लवकर पसरते. येणारा प्रत्येक जण सुरुवात गोष्टीपासून करतो. 'एक माणूस असतो, त्याच्याकडे एक पेटी असते, आणि त्या पेटीत...' मी त्याला तिथेच थांबवतो आणि विचारतो, की हे पाहिले कुठे? घरी, थिएटरात, की शाळेत? टीव्ही कुणाचा होता आणि तो रंगीत होता का? बोलणे कोणत्या भाषेत होते, की बोलणे नव्हतेच? गोष्ट सांगायला उत्सुक असलेल्या माणसाला हे प्रश्न पोलीस ठाण्यातल्यासारखे वाटतात, हे मला दिसते. पण आजवरचा अनुभव असा आहे, की गोष्टीवरून कार्टून क्वचितच सापडते. ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले यावरून सापडते, आणि ज्यांनी ते बनवले त्यांच्या हाताच्या खुणांवरून सापडते.

गोष्टीवर विसंबून का राहू नये, याचे उत्तर जुने आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने, काहींच्या बाबतीत बऱ्याच काळाने, ती आठवून पुन्हा लिहायला सांगितली. १९३२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही शिकवले जातात. कथा दर वेळी आखूड होत गेली, न समजलेले भाग गळाले, आणि अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या वस्तू आल्या. त्या लोकांची लांबट होडी साधी नाव झाली आणि सीलची शिकार मासेमारी झाली. म्हणजे माणूस विसरतो तेवढेच नाही, विसरलेल्या जागी तो पदरचे घालतो, आणि ते इतक्या बेमालूमपणे घालतो की त्याचे त्यालाही कळत नाही. 'पाहिले कुठे' या प्रश्नाच्या उत्तरात पदरचे घालायला फारसा वाव नसतो. कुणाच्या घरी टीव्ही होता आणि आपण सतरंजीवर कुठे बसत होतो, हे सहसा ठाम आठवते.

मी पुण्यात वाढलो त्या काळी कार्टून आपल्यापर्यंत पोचण्याच्या वाटा मोजक्या होत्या आणि प्रत्येक वाटेने येणारा माल वेगळा होता. पहिली वाट चित्रपटगृहाची. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या संस्थेचा वृत्तपट किंवा लघुपट दाखवणे थिएटरच्या मालकांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. प्रेक्षक जागा शोधत असताना पडद्यावर धरणे, पूर आणि पंतप्रधान येऊन जात, आणि मधूनच एखाद्या आठवड्यात कार्टून लागे. 'हिंदी सिनेमाच्या आधी पाहिले होते आणि त्यात काहीतरी उपदेश होता' एवढे कळले, की सगळे जग सोडून मुंबईतल्या पेडर रोडवरच्या एका कचेरीपुरता शोध उरतो. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या चित्रकारांना शिकवायला आले होते, आणि त्यांच्या देखरेखीखाली जातककथेवर आधारित 'द बॅनियन डिअर' १९५७ साली तयार झाला. वीक्स यांनी डिस्नेच्या 'बँबी' या हरणाच्या चित्रपटावर काम केलेले होते. म्हणून कुणी 'हरणांचे होते, अगदी डिस्नेसारखे होते, पण गोष्ट आपली होती' असे बुचकळ्यात पडून सांगितले, तर ते बरोबर सांगत असण्याची शक्यता बरीच असते. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन याच विभागात घडले. आणि याच संस्थेत प्रमोद पती होते, ज्यांनी प्रागमध्ये यिर्झी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांच्या ॲनिमेशनचे शिक्षण घेतले होते. पतींच्या १९७२ सालच्या 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती एका खोलीत झटक्याझटक्याने सरकतात आणि खोली रंगत जाते. जिवंत माणसाला एकेका चौकटीत थोडे थोडे हलवून चित्रित करण्याचे हे तंत्र आहे. ज्यांनी तो लहानपणी, पुढच्या मारधाडीच्या चित्रपटाची वाट पाहत असताना पाहिला, त्यांच्यातले काही जण आजही ते तापात पडलेले स्वप्न होते असे समजतात.

दुसरी वाट दूरदर्शनची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुण्याला ते सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे दिसू लागले. वाहिनी एकच असल्यामुळे 'किलबिल'सारखे कार्यक्रम ज्यांनी पाहिले त्यांनी सगळ्यांनी तेच पाहिले, आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीवर ताडून पाहता येते. ही सोय केबलच्या पिढीला नाही. तिसरी वाट व्हिडिओ कॅसेटची, चौथी केबलची, आणि पाचवी, जी लोक सांगायला विसरतात, ती शाळेत, क्लबात किंवा गणेशोत्सवात पडदा लावून दाखवलेल्या १६ मिमीच्या फितींची.

या पाचव्या वाटेचे उदाहरण जरा विस्ताराने देतो. नारायण पेठेत वाढलेल्या माझ्या मावसभावाला एक चित्रपट आठवत होता. एक माणूस पुस्तक घेऊन खुर्चीवर बसायला जातो, खुर्ची ऐन वेळी सरकते, तो पुन्हा प्रयत्न करतो, खुर्ची पळते, दोघांची झटापट होते, आणि शेवटी माणूस खुर्चीलाच आपल्यावर बसू देतो तेव्हा कुठे ती त्याला बसू देते. संवाद नाहीत. पार्श्वभूमीला सतार. या सतारीनेच घोळ करून ठेवला होता. सतार आहे म्हणजे आपलाच, आपला म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचाच, असे धरून तो पतींच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या याद्या उलट्यापालट्या करीत बसला होता. मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गणपतीत. आणि पडद्याच्या मागच्या बाजूने."

पुण्यात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. रस्त्याच्या मधोमध बांबूंना पांढरा पडदा ताणून बांधायचा, एका बाजूला प्रोजेक्टर, आणि लोक दोन्ही बाजूंना. ज्यांना पुढे जागा मिळत नसे ते मागे बसत. त्यांना चित्र स्वच्छ दिसे, पण सगळे आरशातल्यासारखे उलटे. नायक डाव्या हाताने गोळी झाडे, आणि अक्षरे तर वाचताच येत नसत. मावसभावाने नाव वाचले नव्हते, कारण त्याच्यासमोर ती उलट्या इंग्रजी अक्षरांची रांग होती आणि तो तिसरीत होता. पण 'इंग्रजी अक्षरे उलटी दिसत होती' हे त्याला पक्के आठवत होते. म्हणजे नाव इंग्रजीत होते. आणि मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवलेली ती छोटी १६ मिमीची फीत होती. त्या काळी परदेशी वकिलाती आणि सांस्कृतिक केंद्रे आपापल्या देशांचे लघुपट संस्थांना आणि फिल्म सोसायट्यांना दाखवायला देत असत. इथून पुढे फार वेळ लागला नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा, नॉर्मन मॅक्लारेन आणि क्लोद जुत्रा यांचा 'अ चेअरी टेल', १९५७. पडद्यावरचा माणूस स्वतः जुत्रा आहे, खुर्ची हलवण्याचे काम एव्हलिन लँबर्ट यांचे, आणि सतार पंडित रविशंकरांची, तबला चतुरलाल यांचा. मावसभावाच्या कानाने त्याला मुळीच फसवले नव्हते. कानाने दिलेल्या साक्षीचा अर्थ तेवढा त्याने घाईने लावला होता. ऐकलेल्या गोष्टी पाहिलेल्या गोष्टींपेक्षा शुद्ध टिकतात, असे माझे मत या आणि अशा इतर प्रकरणांवरून बनले आहे. म्हणून मी लोकांना गुणगुणायला सांगतो. संकोच वाटला तर फोनवर गुणगुणा म्हणतो.

रंगांच्या आठवणी मात्र मी बाजूला ठेवतो. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले, आणि घरोघरी रंगीत संच यायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. तरीही 'आमच्या चाळीतल्या टीव्हीवर स्पायडरमॅन लाल-निळा दिसायचा' असे शपथेवर सांगणारे भेटतात. तो लाल-निळा त्यांनी नंतर वहीच्या वेष्टनावर, सदऱ्यावर आणि पुढच्या आवृत्त्यांत पाहिलेला असतो आणि मागे नेऊन जुन्या चित्रात भरलेला असतो. काही जणांच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. कृष्णधवल संचाच्या काचेपुढे तिरंगी पारदर्शक पत्रा अडकवण्याची तेव्हा टूम होती : वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. म्हणजे वर आभाळ, खाली गवत, आणि मधल्या पट्ट्यात निवेदिका बसली तर तिच्या चेहऱ्याला कांती. एका बाईंना 'हिरव्या पायांचा घोडा' असलेले कार्टून आठवत होते. त्यांच्या घरच्या टीव्हीला हा पत्रा होता का, असे मी विचारले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि हसायला लागल्या.

स्पायडरमॅनचा विषय निघालाच आहे तर : ती मालिका १९६७ ते १९७० या काळातली, अमेरिकेतली, आणि तिच्या उत्तरार्धाची सूत्रे राल्फ बाक्शी यांच्याकडे होती. पैसे कमी होते, त्यामुळे तीच पार्श्वभूमी आणि त्याच उड्या परत परत वापरल्या आहेत. 'तो शहराच्या वरून झोके घेत जायचा आणि जायचाच' ही आठवण अतिशयोक्ती वाटते, पण तशी ती नाही.

इथे हाताच्या खुणांकडे वळतो, कारण शोधाचा सगळ्यांत सुखाचा भाग हाच आहे. पूर्वी थिएटरसाठी कार्टून बनत तेव्हा सहा-सात मिनिटांच्या चित्रपटासाठी हजारो चित्रे काढली जात. दूरचित्रवाणीच्या पैशांत ते परवडेना, म्हणून हॅना-बार्बेरा या अमेरिकन जोडीने हालचाल वाचवण्याच्या युक्त्या पक्क्या केल्या. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचे कारण फॅशनचे नाही. गळ्याशी रेघ असली की धड एका पारदर्शक पत्रीवर स्थिर ठेवता येते आणि डोके तेवढे वेगळ्या पत्रीवर हलवता येते. सांधा झाकला जातो. हकलबरी हाउंडच्या गळ्यात बो आहे, फ्रेड फ्लिंटस्टोनच्या गळ्यात टाय आहे, एका अश्मयुगीन माणसाच्या! तेव्हा 'अस्वल होते की कुत्रा, ते आठवत नाही, पण अंगात काही नसताना गळ्यात टाय होता' असे कुणी म्हणाले, की १९५८ नंतरच्या या कारखान्याचे दार उघडायचे. पळताना मागून तेच झाड, तोच दिवा, तेच दार पुन्हा पुन्हा गेले असे आठवत असेल तर आणखी भक्कम पुरावा.

फिल्मेशन या संस्थेची तऱ्हा वेगळी. दूरदर्शनवर गाजलेला 'ही-मॅन' त्यांचा. १९८३ पासूनच्या दोन हंगामांत मिळून १३० भाग. त्यात धावण्याची, उडी मारण्याची, तलवार उगारण्याची तीच दृश्ये भागामागून भागात वापरली आहेत, पण ही वापरलेली दृश्ये खऱ्या माणसाच्या हालचालींवरून गिरवलेली असल्यामुळे विलक्षण सफाईदार आहेत. परिणामी एरवी पुठ्ठ्यासारखा उभा असलेला नायक अचानक कसलेल्या पैलवानासारखा धावत येतो. 'मधूनच छान हलायचे आणि मग पुन्हा थिजायचे' असे वर्णन ऐकले, आणि शेवटी कुणीतरी समोर पाहून तात्पर्य सांगत होते अशी जोड मिळाली, की माझा संशय इकडे वळतो. सर्वांनाच तात्पर्य तेवढे आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

या खुणांनी सुटलेले माझे आवडते प्रकरण टॉम आणि जेरीचे आहे. आता टॉम आणि जेरी शोधायचे काय, असे वाटेल. पण शेजारच्या इमारतीतला, आता चाळिशी गाठलेला एक गृहस्थ सांगत होता, की केबलवर, म्हणजे कार्टून नेटवर्क १ मे १९९५ रोजी भारतात सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत, त्याने टॉम आणि जेरीचे 'भुताचे' भाग पाहिले आहेत. भूत नव्हते, पण वातावरण भुताचे होते. विहिरीत वाजल्यासारखे आवाज. रिकाम्या खोल्या. आणि टॉमचा मालक, एक टकला जाडा माणूस, जो टॉमला इतक्या क्रूरपणे बडवायचा की हसू यायचे नाही. बायकोला आणि मित्रांना त्याचे म्हणणे पटत नव्हते. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेल्या ११४ चित्रपटांत हे कुठेच नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते.

त्याचेही खरे होते. टॉम-जेरी ज्यांचे, त्या हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने १९५७ साली आपला कार्टून विभाग बंद केला आणि काही वर्षांनी टॉम-जेरीचे १३ चित्रपट बाहेरून करून घेतले. ते केले जीन डाइच या अमेरिकन दिग्दर्शकाने, १९६१-६२ मध्ये, प्रागमध्ये, तिथल्या चेक चित्रकारांना हाताशी धरून. पैसे तुटपुंजे होते आणि मूळ चित्रपट त्या चित्रकारांनी जवळजवळ पाहिलेले नव्हते. ध्वनी टॉड डॉकस्टेडर यांचे. हा मनुष्य पुढे इलेक्ट्रॉनिक संगीताचा रचनाकार म्हणून नावाजला गेला, यावरून त्या घुमणाऱ्या, धातूच्या नळीतून आल्यासारख्या आवाजांचा उलगडा होतो. आणि गंमत म्हणजे श्रेयनामावलीतली चेक नावे इंग्रजी वळणाची करून टाकली होती. श्टेपान कोनीचेक हे संगीतकार तिथे 'स्टीव्हन कोनिचेक' झाले आहेत. शीतयुद्धाचे दिवस होते. पोलादी पडद्यामागे बनलेला माल म्हणून प्रेक्षकांना तो दाखवायचा नव्हता. टकल्या मालकाचे चित्रपट तीन आहेत : मासेमारीचा 'डाऊन अँड आऊटिंग', मांस भाजण्याचा 'हाय स्टेक्स', आणि सफारीचा 'सॉरी सफारी'. मी फक्त विचारले, की यापैकी कशात हत्ती होता का? तो उठून उभाच राहिला.

व्हिडिओ कॅसेटच्या वाटेने आलेली कार्टून सगळ्यांत त्रासदायक असतात. ऐंशीच्या दशकात एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणून सोसायटीत तीन सिनेमे पाहायचे, आणि मोठ्यांच्या सिनेमाआधी पोरांची बोळवण करायला एक कार्टूनची कॅसेट लावायची, अशी पद्धत होती. या कॅसेटींवर बहुधा हक्क संपलेली जुनी अमेरिकन कार्टून एकामागून एक जोडलेली असत, आणि वेळ वाचवायला नावांच्या पाट्या कापलेल्या असत. काही वेळा पाट्या अमेरिकेतच गेलेल्या असतात : वॉर्नर ब्रदर्सने आपली कार्टून 'ब्लू रिबन' नावाखाली पुन्हा प्रदर्शित केली तेव्हा मूळ श्रेयनामावली काढून त्या जागी नवी सरधोपट पाटी लावली, आणि कित्येक चित्रपटांची मूळ पाटी कायमची हरवली. अशा वेळी रंग उपयोगी पडू शकतो, पण फक्त तो रंगीत संचावर पाहिला असेल तर. तीन रंगांची टेक्निकलर पद्धत कार्टूनसाठी १९३२ पासून काही वर्षे एकट्या डिस्नेच्या हक्काची होती. त्यामुळे त्या वर्षांतली इतरांची रंगीत कार्टून केशरट लाल आणि हिरवट निळ्या अशा दोनच रंगांच्या मेळातून बनलेली दिसतात. त्यांच्यात खरा पिवळा किंवा जांभळा शोधून सापडत नाही.

आणि काही कार्टून कधी हललेलीच नसतात. हे सांगितले की लोक दुखावतात. व्ह्यू-मास्टर नावाचे दुर्बिणीसारखे खेळणे होते. त्यात गोल चकती घालून खटका दाबला की पुढचे चित्र येई. एका चकतीवर १४ चित्रे, म्हणजे दोन डोळ्यांसाठी सात जोड्या. फक्त सात दृश्ये. पण त्यांना खोली इतकी असे, की मन मधली हालचाल आपोआप भरून काढी. तीच गोष्ट मराठीत अनुवादित झालेल्या गुळगुळीत कागदाच्या रशियन चित्रपुस्तकांची आणि इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची, म्हणजे फँटमची. 'वेताळाचे कार्टून लागायचे' असे सांगणाऱ्याला मी विचारतो, की त्याचा आवाज कसा होता? वेताळ १९८६ सालच्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या मालिकेत मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डनच्या जोडीने खरोखरच आहे. पण बहुतेक वेळा या प्रश्नावर समोरचा गप्प होतो, आणि मग 'आवाज नव्हता, फुग्यात अक्षरे होती' असे त्याचे त्यालाच आठवते.

'एक अनेक और एकता' शोधून द्या असे आता कुणी म्हणत नाही, कारण तो फिल्म्स डिव्हिजनने आपल्या इतर अनेक लघुपटांसोबत यूट्यूबवर ठेवलेला आहे. तरी आठवणीची परीक्षा घ्यायला तो उत्तम आहे, म्हणून मी लोकांना तो न पाहता सांगायला लावतो. बहुतेकांना तो दूरदर्शनने बनवला असे वाटते; तो १९७४ सालचा, फिल्म्स डिव्हिजनचा, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांच्या ॲनिमेशनचा आहे. गाणे सगळ्यांना तोंडपाठ असते, पण पारध्याचे जाळे घेऊन पक्षी उडाल्यावर ते कुणी तोडले, असे विचारले की पन्नाशीचे लोक एकमेकांकडे पाहू लागतात. उंदरांनी. ती पंचतंत्राच्या वळणाची गोष्ट आहे आणि आजीकडून ऐकलेलीही असते, पण चित्रपटातला तेवढा भाग गाण्याने खाऊन टाकलेला असतो.

पुण्याचे म्हणावे असे एक जुने कार्टूनही आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ साली तिने 'जंबूकाका' नावाचा व्यंगचित्रपट काढला. तो रघुनाथ केळकर यांनी केला होता. त्याआधी, १९१५ साली, दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. या काळातल्या चित्रपटांच्या बाबतीत मात्र माझी पद्धत लंगडी पडते, कारण वाट कळली तरी तिच्या टोकाला ताडून पाहायला फीत हवी. त्या काळची नायट्रेटची फीत भडकन पेटते आणि पेटली नाही तरी कुजते. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली तेव्हा प्रभातच्या कितीतरी फिती गेल्या. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या संग्रहालयाचे ग्रंथालय तरीही शोधणाऱ्याला उपयोगी आहे, कारण जाहिराती, पुस्तिका आणि जुनी नियतकालिके यांना आग लागली नव्हती.

येणाऱ्यांना मी एकच अट घालतो. आधी जे आठवते ते कागदावर लिहून काढायचे, आणि ते लिहीपर्यंत काहीही पाहायचे नाही. एकदा यूट्यूबवर चार चुकीची कार्टून पाहिली की त्यांचे तुकडे मूळ आठवणीत मिसळतात आणि मग ते वेगळे काढणे कुणालाच जमत नाही. 'जंगल बुक'चे असेच होते. दूरदर्शनवर १९९३ साली लागलेली मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, ५२ भागांची. डिस्नेचा चित्रपट १९६७ चा. दोन्ही पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान डिस्नेच्या बल्लूबरोबर एकाच जंगलात नांदत असतो. तिथे मी कीचीबद्दल विचारतो. लहानसा तांबडा पांडा आठवला तर तो भाग जपानी.

माझ्या आत्याने ही अट पाळली होती. तिने वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते, ते असे : 'उंदीर. त्याला खिशांची विजार हवी असते. सगळे प्राणी मदत करतात. मुंग्या कापड विणतात. खेकडा कातरतो. शाळेत दाखवला. बाईंनी मराठीत सांगितले. दोनदा लावला.' शाळेत, पडदा लावून, आणि बाई सोबत मराठीत सांगत होत्या, म्हणजे मूळ भाषा मुलांना न समजणारी होती, बहुधा इंग्रजीही नव्हे. आत्या शाळेत होती ती साठच्या दशकात. खिशांची विजार आणि मदत करणारे प्राणी हे मिळाल्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या झ्देनेक मिलर यांच्यापाशी येऊन पोचायला वेळ लागत नाही. त्यांच्या छछुंदरासारख्या, जमीन उकरणाऱ्या छोट्या प्राण्याची, क्रतेकची, ही पहिली गोष्ट; तिला १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले होते. जवसाचे झाड त्याला विजार कशी करायची ते सांगते, कोळी सूत काततात, मुंग्या विणतात, रंग निळ्या बोरांसारख्या रानफळांचा, कातरायला नांगीवाला प्राणी आणि शिवायला एक पक्षी. पुढच्या गोष्टींत मिलर यांनी बोलणे जवळजवळ काढूनच टाकले, म्हणजे कोणत्याही देशातल्या मुलाला ते कळावे. हुंकार आणि हसणे तेवढे ठेवले, आणि तेही त्यांच्या मुलींच्या आवाजात.

क्रतेक काही उंदीर नव्हे. पण तो प्राणी आपल्याकडे कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे आत्याच्या आठवणीने ओळखीतला जवळचा प्राणी त्याच्या जागी आणून बसवला. बार्टलेटच्या वाचकांनी होडीचे जे केले तेच. नांगीवाल्याचा खेकडा तसाच झाला. बाकी सगळे तिने बरोबर लिहिले होते, खिशांसकट.

मी तिच्या घरी जाऊन तो लॅपटॉपवर लावला. तिने चष्मा पुसून, अजिबात न बोलता, शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, "हा तो नव्हे."

मी मुंग्यांकडे बोट दाखवले, खिसे दाखवले, तिने स्वतः लिहिलेला कागद दाखवला.

"ते खरं रे. पण आमच्यात बाई होत्या."

मग तिने तो पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद करून, आणि स्वतःच मराठीत सांगायला लागली.